मांडी व खुब्याच्या दुखापती : ओळख, उपचार आणि दक्षता

मानवी शरीरातील सर्वांत लांब व बळकट हाड मांडीचे होय. त्याचे वरचे गोल टोक कमरेच्या खोबणीत बसते. तोच खुब्याचा सांधा. धावणे, वाकणे, झेप घेणे या साऱ्यांचा भार या सांध्यावर व भोवतालच्या स्नायूंवर पडतो.

नांदेड-लातूरचा परिसर मैदानी खेळांचा आहे. हिंदकेसरी ठरलेले हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. त्यात आता पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांची भर पडली आहे. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर व दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. मांडी दुखू लागली, की तेल लावून चोळणे व शेकणे हा एकच उपाय सर्रास केला जातो. वास्तविक ही दुखणी मुख्यतः तीन प्रकारची असून प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

पहिला प्रकार स्नायू ताणला वा फाटला जाण्याचा. १०० मीटर धावताना किंवा खो-खोत एकाएकी दिशा बदलताना मांडीच्या मागे चमक निघते व पाय टाकवत नाही. कुस्तीत पाय फाकल्याने हेच जांघेत होते.

दुसरा प्रकार मुका मार. कबड्डीच्या पकडीत प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीवर बसतो आणि स्नायूच्या आत रक्त साचते.

या दोन्हींत खेळ तत्काळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवावा, पट्टी बांधावी. पहिले दोन-तीन दिवस शेक व मालीश कटाक्षाने टाळावे, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. मुक्या माराची जागा जोराने चोळत राहिल्यास स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकते व गुडघा वाकेनासा होतो. नंतर मात्र निव्वळ पडून राहू नये. वेदना सोसवेल इतपत हालचाल रोज वाढवावी. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाइतकी झाल्याशिवाय वेगाने धावू नये. अशा घाईमुळेच तोच स्नायू पुन्हा फाटतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पडणे नाही, मार नाही. तरी धावताना जांघेत खोलवर दुखते, थांबल्यावर बरे वाटते. भरती जवळ आली म्हणून एकदम अंतर वाढविणाऱ्यांच्या हाडाच्या मानेला कधी कधी बारीक तडा जातो. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या व पाळी थांबलेल्या मुलींना हा धोका अधिक. सुरुवातीला साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसेलच असे नाही, एम.आर.आय. करावा लागतो. धावणे चालूच ठेवले तर हाड मोडून सरकते, त्याच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तरुण वयात सांधा निकामी होतो. म्हणून असे दुखणे मालीशवाल्याकडे न नेता अस्थिरोगतज्ज्ञाकडेच न्यावे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था या सोयी जवळच आहेत.

दक्षता खर्चाची नाही. सरावापूर्वी दहा-पंधरा मिनिटे हळू धावून अंग गरम करावे. अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. तालमीतील बैठकांनी मांडीची पुढची बाजू चांगली कसली जाते, परंतु मागची तितकी नाही. त्यासाठी गुडघ्यांवर उभे राहून सोबत्याला घोटे धरायला सांगावे व धड ताठ ठेवून सावकाश पुढे झुकावे. या व्यायामाने मागच्या स्नायूंच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

भरती पुन्हा निघते, स्पर्धा पुढच्या वर्षीही होतात; खुब्याचा सांधा मात्र जन्मभर पुरवायचा असतो. दुखणे अंगावर काढणे हे शौर्य नव्हे, एवढे प्रत्येक खेळाडूने ध्यानी ठेवावे.