वायरिंग चुकले, कंट्रोलर बोलेना : नवीन कार्ड घेण्यापूर्वी एवढे तपासा

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या कामापासून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीपर्यंत कंट्रोलरवर चालणारी यंत्रे आली आहेत. यंत्राचे अंग मजबूत असते, पण मेंदू नाजूक असतो. गाळा बदलताना किंवा नवा सेन्सर बसवताना एखादी वायर चुकीच्या जागी लागते, आणि स्विच दाबताच स्क्रीनवर 'कम्युनिकेशन एरर' उमटते. वायर मूळ जागी लावली तरी ती जात नाही. कारागीर बसून राहतात, व्यापाऱ्याचे कापड फ्रेमवर अडकते आणि दुरुस्तीवाला सांगतो, 'कार्ड गेले, नवीन घ्या.' कधी ते खरे असते. कधी दोष एखाद्या फ्यूजचा किंवा सेन्सरच्या केबलचा असतो. म्हणून तपासणीचा क्रम मालकालाही माहीत असावा.

कंट्रोलर कसा बोलतो?

कारखान्यातील कंट्रोलर, म्हणजे पी.एल.सी., अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास मोटार कारखान्यांसाठी तयार झाला. रिलेंनी भरलेल्या कपाटाचे काम एक डबा करू लागला. आजच्या यंत्रात हा डबा स्क्रीनशी आणि मोटरच्या ड्राइव्हशी बारीक वायरींनी बोलतो. त्यातील एक प्रचलित पद्धत म्हणजे आर.एस. ४८५. हिचे मानक १९८३ चे असून तीत ए आणि बी अशा दोन वायरींवर निरोप जातो. या वायरींवर सुमारे उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सोसण्याची तरतूद असते. सेन्सरचा सप्लाय मात्र २४ व्होल्टचा असतो. तो चुकून ए किंवा बी वर लागला, तर पोर्टमागची छोटी चिप जळू शकते. बाकी कंट्रोलर मात्र शाबूत राहू शकतो.

चूक कोठे होते?

मोठे कारण रंगांचा घोळ. आपल्याकडे तीन फेजसाठी लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रलसाठी काळा रंग वापरण्याची जुनी सवय आहे. परदेशी यंत्राच्या केबलमध्ये तपकिरी म्हणजे फेज आणि फिकट निळा म्हणजे न्यूट्रल. वायरमनने निळी वायर तिसरा फेज समजून जोडली, तर २३० व्होल्टच्या सप्लायला ४१५ व्होल्ट मिळतात. पॅनेलच्या आत तर आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे गडद निळी वायर डी.सी. कंट्रोलची आणि लाल वायर ए.सी. कंट्रोलची असते. लाल म्हणजे २४ व्होल्टचा प्लस असे धरून चालणारा फसतो. रंगावर विश्वास ठेवू नये, मीटरवर ठेवावा.

तपासणीचा क्रम

१) प्रथम मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावा. स्क्रीन मुकी झाली तरी कंट्रोलर आत चालू असू शकतो आणि यंत्र अचानक हलू शकते. सुई, फ्रेम, प्रेस यांच्याजवळ हात घालू नका. २३० व्होल्टचे काम जाणत्या वायरमननेच करावे.

२) कोणती वायर कोठून कोठे लागली होती, ते कागदावर लिहा. फोटो काढा. दुरुस्तीवाल्यापासून चूक लपवू नका. २४ व्होल्ट कोठे लागले हे कळले, तर तो थेट त्या जागी पाहील. नाहीतर त्याचा दिवस आणि तुमचा पैसा जाईल.

३) जळका वास, काळा डाग, फुटलेला पार्ट पहा. फ्यूज काढून मीटरने तपासा. पॉवर सप्लायमध्ये जादा व्होल्टेज आल्यास स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवणारी एक चकती बऱ्याचदा असते. तिने जीव देऊन पुढचे वाचवलेले असू शकते.

४) सप्लाय चालू करून २४ व्होल्ट मोजा. फारच कमी असतील किंवा दिवे लुकलुकत असतील, तर मेन बंद करून सेन्सर आणि सोलेनॉइडच्या वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि पुन्हा मोजा. आता २४ आले, तर कंट्रोलर निर्दोष असण्याचा संभव आहे. शॉर्ट बाहेर आहे. मेन बंद करून एकेक वायर परत जोडा. जिच्याने व्होल्टेज बसते, तीच दोषी.

५) कंट्रोलरचे दिवे पहा. 'रन' पेटला असेल, एररचा दिवा नसेल आणि इनपुट हाताने दाबल्यावर त्याचा दिवा लागत असेल, तर मेंदू जिवंत आहे. फक्त जीभ गेली आहे.

६) आता जीभ तपासा. ए आणि बी उलट लागल्यास सहसा काही जळत नाही, पण बोलणे बंद होते. काही कंपन्या ही अक्षरे एकमेकींच्या उलट छापतात. म्हणून एकदा अदलाबदल करून पहा. मग मेन बंद करून ए व बी मधील रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असेल, तर मीटर सुमारे ६० दाखवील. १२० आले तर वायर तुटली किंवा एका टोकाचा रेझिस्टर सुटला. शून्याजवळ आले तर शॉर्ट. मग केबल काढून तीच मोजणी पोर्टवर करा. शॉर्ट पोर्टवरच दिसला, तर चिप गेली असण्याचा संभव आहे.

७) स्क्रीन बदलली असेल, तर तिचा नंबर आणि वेग कंट्रोलरच्या सेटिंगशी जुळतो का, हेही पहा.

पोर्ट गेले, तर?

लगेच नवीन कंट्रोलर घेऊ नका. त्याच डब्यावर दुसरे पोर्ट असेल, तर स्क्रीन तिकडे नेता येते. अर्थात त्यासाठी सेटिंग बदलावे लागते. काही कंट्रोलरना वरून कम्युनिकेशन बोर्ड लागतो, मित्सुबिशीच्या एफ.एक्स. मालिकेसाठी असे बोर्ड निघालेले आहेत. तेही नसेल, तर पोर्टमागची चिप बहुधा आठ पायांची, मॅक्स ४८५ किंवा ७५१७६ जातीची असते. बोर्ड दुरुस्त करणारा जाणकार ती बदलू शकतो. तिची किंमत कंट्रोलरच्या मानाने नगण्य. मात्र वॉरंटी चालू असेल, तर डबा उघडू नये.

एक गोष्ट विसरू नका. जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम बॅटरीच्या जोरावर टिकतो. सप्लाय बंद असताना बॅटरी काढली, तर प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. मग कंट्रोलर चांगला असूनही यंत्र निरुपयोगी. प्रोग्रॅमची प्रत आजच घेऊन दोन ठिकाणी ठेवा. यंत्र विकणारा ती देत नसेल, तर पुढचे यंत्र घेताना सौद्यातच ही अट घाला.

पुढची काळजी

प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर लावा. २४ व्होल्ट आणि कम्युनिकेशनचे कनेक्टर वेगळ्या आकाराचे ठेवा, म्हणजे चुकून लागणारच नाहीत. दोन सप्लायचे प्लस एकत्र जोडू नका. आपल्याकडे खाडी जवळ आणि हवा खारट. टर्मिनल हिरवट पडतात. पावसाळ्यापूर्वी ती साफ करून घट्ट करा. आणि कितीही घाई असली तरी जोडणीनंतर मेन टाकण्यापूर्वी पाच मिनिटे मीटर लावा. या पाच मिनिटांत कारागिरांची मजुरी आणि व्यापाऱ्याला दिलेला शब्द, दोन्ही वाचतात.