संधिवात : वारसा आणि सवयी

'आमच्या घराण्यातच संधिवात आहे, मग इलाज तरी काय?' असे रुग्णांचे आप्त आम्हांस वारंवार विचारतात. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या सर्वेक्षणात सुमारे अर्धा टक्का प्रौढांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आढळला. हा विकार केवळ आनुवंशिक असता, तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकास जडताच दुसऱ्यासही जडला असता. प्रत्यक्षात शंभरांपैकी सुमारे पंधरा जोड्यांतच तसे घडते.

जनुके तीच असली तरी त्यांवरील मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा आयुष्यक्रमात निरनिराळ्या होतात. या खुणा बहुधा जनुकास शांत ठेवतात. रुग्णांच्या सांध्यांच्या अस्तरातील पेशींत काही जनुकांवरील खुणा विरळ झालेल्या आढळतात आणि दाह वाढविणारी प्रथिने अधिक निर्माण होतात. धूम्रपानाने अशा खुणा बदलतात, तसेच या विकाराचा धोकाही वाढतो. घरोघरी विड्या वळणाऱ्या सोलापुरात ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

वारसा बदलता येत नाही. विडी ओढणे मात्र सोडता येते. बोटांचे सांधे सुजून रोज सकाळी तासभर आखडत असतील, तर तपासणीस विलंब करू नये. एकदा झिजलेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही.