जपून वापरणे हाही धम्मच



मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बजावले : मेलेले जनावर खाऊ नका, उष्टे घेऊ नका. ती लादलेली लाचारी आपण टाकली. म्हणून घरात जपून वापरणे म्हणजे पुन्हा दैन्य, असे कित्येकांना वाटते. तसे नाही. दुसऱ्याचे उष्टे घेणे ही लाचारी. आपल्या कष्टाची वस्तू पुरेपूर वापरणे हा धम्म.

विनयपिटकातील कथा पाहा. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दिली. इतक्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले : ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ, जुन्यांच्या चादरी करू, मग पायपुसणी, मग फडकी, शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवू. आपली गोधडी याच रीतीची.

पाण्याचेही तसेच. आपल्या मावळातील भाजे लेण्यात खडकात खोदलेल्या पोढ्या आहेत. एकीवर महारठी विण्हुदत्ताच्या दानाचा लेख आहे. पाऊस उदंड, तरी भिक्खूंसाठी पाणी साठविले जाई. आपणही पन्हाळीखाली पिंप ठेवा. डास होऊ नयेत म्हणून झाका. तांदूळ धुतलेले पाणी अळूला घाला. भाजीच्या साली-देठे परसातील खड्ड्यात कुजवा.

नळ उगाच वाहू देणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीतले न दिलेले घेणे. तेथे दुसरे शील मोडते. ज्या पाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी महाडला मार खाल्ला, ते आपल्या घरी वाया जाऊ नये. वंदनेनंतर मुलांना हे समजावून सांगा.

जय भीम!