शेवटच्या थापेच्या आधी

केडगाव, अहिल्यानगर

चि. मनू हिस,


तुझं पत्र मिळालं. नवा कॅमेरा घेतलास आणि जामखेडच्या कलाकेंद्रात लावणीचे फोटो काढायची परवानगीही मिळवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. लेन्स कोणती, आयएसओ किती, फ्लॅश लागेल का, असं विचारलं आहेस. त्याची उत्तरं थोडक्यात उरकतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते ढोलकीबद्दल.

लेन्स ५० एमएम, एफ १.८ घे. परवडते. कॅमेऱ्याबरोबर आलेली तुझी झूम लेन्स पुढे सरकवली की एफ ५.६ वर येते. तिच्या मानाने ही जवळजवळ दहापट उजेड आत घेते. कॅमेरा मॅन्युअलवर ठेव. मागे काळा पडदा असतो, तो बघून ऑटोवरचा कॅमेरा उजेड वाढवत नेतो आणि बाईचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून मोजमाप चेहऱ्यावरून घ्यायचं, पडद्यावरून नाही. शटर १/२५० पासून सुरू कर. त्यासाठी आयएसओ ३२०० लागो की ६४००, लागू दे. फोटोत दाणे दिसले तरी चालतात, डोळे हललेले चालत नाहीत. फोकसचा एकच बिंदू ठेव आणि तो डोळ्यावर. काढायचं ते रॉमध्ये.

हल्ली सगळीकडे एलईडीचे पार लाइट आले आहेत. लाल किंवा जांभळा झोत पडला की स्क्रीनवर फोटो झकास दिसतो आणि घरी येऊन बघावं तर गालाच्या जागी नुसता लाल डाग. अशा वेळी एकत्र हिस्टोग्रामवर विसंबू नको, लाल रंगाचा वेगळा बघ आणि एखादा स्टॉप खाली उतर. दुसरं म्हणजे सायलेंट शटर बंद ठेव. एलईडीखाली त्याने फोटोवर आडवे पट्टे येतात. साध्या शटरनेही पट्टे दिसले तर १/१०० करून बघ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर तेवढा वेळ उघडं राहिलं की पट्टे बहुतेक जातात.

फ्लॅश घरी ठेवून जा. गिरकी घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर अचानक लख्ख उजेड मारणं धोक्याचं आहे. शिवाय ज्या उजेडात ती नाचते आहे तोच फ्लॅश पुसून टाकतो.

आता ढोलकी. नाचणारं शरीर सतत सारख्या वेगाने हलत नसतं. उडी घेतली की सगळ्यात वरच्या जागी क्षणभर वेग शून्य होतो. हात लांबवला की परत फिरण्याआधी टोकाला थांबतो. त्या क्षणी १/१२५ सुद्धा पुरतं, म्हणजे तुला एक अख्खा स्टॉप उजेड फुकट मिळाला. हा थांबा कधी येणार ते डोळ्याने कळेपर्यंत उशीर होतो. आमच्या जुन्या एसएलआरमध्ये तर फोटो उमटत असताना आरसा वर गेलेला असायचा, म्हणून जो क्षण डोळ्याला दिसला तो फिल्मवर नसायचा. तुझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही, पण बोटाला लागणारा वेळ तोच आहे. थांबा येतो तो ढोलकीच्या थापेवर. म्हणून थाप पडायच्या आधी बोट निघायला हवं, आणि ते कानाच्या भरवशावरच निघतं.

तू कथकच्या परीक्षा दिल्यास ते इथे उपयोगी पडणार आहे. तिहाईचा तुकडा तिसऱ्यांदा सुरू झाला की सम कुठे येणार हे तुला ठाऊक असतं. शेजारी बसलेल्या फोटोग्राफरला ते ठाऊक नसतं; त्याच्याकडे लाखाची लेन्स असली तरीही. तत्कार आठव. वरचं अंग स्थिर आणि पाय सुसाट. तिथे मुद्दाम १/३० वर ये. चेहरा स्वच्छ राहील आणि घुंगरांचा धूर होईल. अलेक्सी ब्रोडोविच या कलादिग्दर्शकाने १९३० च्या दशकात बॅलेचे असेच फ्लॅशशिवाय, हललेले, दाणेदार फोटो काढले. १९४५ साली त्यांचं ‘बॅले’ हे पुस्तक आलं. ते फोटो जरूर शोधून बघ. हललेला फोटो कधी नाच सांगतो आणि कधी नुसता हललेला असतो, हे त्यातून कळेल.

लावणीत ढोलकीवाला तोडा चढवत नेतो आणि शेवटच्या थापेवर नाचणारी थांबते. हात कमरेवर, मान किंचित तिरकी, नजर समोर रोखलेली. अंग थांबलेलं असतं, पण पदर, झुमके आणि वेणीचा गजरा अजून थांबलेले नसतात. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ. चेहरा स्पष्ट आणि पदराचं टोक पुसट असा फोटो तिथे मिळतो, आणि मला विचारशील तर लावणीचा याहून खरा फोटो नाही. म्हणून पहिल्या लावणीला कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती ऐक. कुठल्या कडव्यानंतर तोडा येतो, तोडा संपताना ती रंगमंचावर कुठे येते, तिथे समोरचा उजेड पडतो की नाही, हे बघून ठेव. दुसऱ्या वेळी तिथेच फोकस लावून थांब. बैठकीच्या लावणीत सगळं काम डोळ्यांचं आणि बोटांचं, तिथे १/६० सुद्धा चालेल. मात्र शटरचा आवाज थापेखाली लपव.

एक गोष्ट मी विनंती म्हणून नाही, बजावून सांगतो. रंगमंचाच्या कडेला खाली बसून लेन्स वर रोखायची नाही. यात्रेतल्या तमाशात मोबाइल घेऊन पुढे घुसणारे तेच करतात, आणि वरच्या बाईला ते दिसत असतं. डोळ्यांच्या उंचीवरून काढ, नाही जमलं तर मागे सरक. मेकअपच्या खोलीत बोलावल्याशिवाय जाऊ नको. इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी जिचा फोटो तिला विचार. तिच्या मुलांच्या शाळेत काय माहीत आहे, काय नाही, ते तिलाच ठाऊक. होकार आला तरी आधी प्रिंट तिच्या हातात दे.

संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक माझ्याकडे आहे, येशील तेव्हा घेऊन जा. राहुट्या, ट्रक, स्वयंपाक, झोपलेली पोरं, सगळं त्यात आहे. फडाचा विश्वास मिळाल्याशिवाय असे फोटो होत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला, तमाशा कलावंत कांताबाई सातारकर राहायच्या. २०२१ साली त्या गेल्या. वगात त्या शिवाजी महाराजांची भूमिकाही करत. अशा कलावंताचे फोटो काढायचे तर वगाची गोष्ट माहीत असावी लागते, नाहीतर माणूस नाचापुरता जागा राहतो आणि नेमका प्रवेश आला की कॅमेरा खाली ठेवतो.

जामखेडला जाण्याआधी हात बसवायला इकडे ये. नवरात्रात रेणुकामातेच्या देवळात रात्री गर्दी असते आणि आसपास दांडिया चालतो. दांडियात टिपरी कधी आदळणार हे लहान पोरालाही कळतं, म्हणून सुरुवातीला तेच बरं. कोपरं अंगाला टेकवून धर, श्वास सोडताना बटण दाब. तिसऱ्या माळेपर्यंत पोच. जास्तीची बॅटरी आण. काढलेल्यांतला एकही फोटो डिलीट करू नको. चुकलेलेच आधी बघू. थाप पडल्यावर दाबलेस की आधी, ते त्यांतच दिसेल.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा