औषधाच्या जोडीला शिथिलीकरण

नैराश्याच्या उपचारात शिथिलीकरणाचे स्थान औषधे आणि समुपदेशन यांच्या जोडीला आहे. त्याने ताठरलेले शरीर सैल होते, झोपेला मदत होते. काहीच न करण्यापेक्षा त्याचा नक्की उपयोग होतो, पण मानसोपचाराइतका नाही. ते औषधांच्या जागी नव्हे, जोडीला असते, हे प्रस्तुत लेखकाला उशिरा कळले. प्राणायाम सुरू झाला, झोप सुधारली आणि तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना न विचारताच गोळ्या बंद झाल्या. उरलेली स्ट्रिप कपाटात स्वेटरखाली गेली. चार दिवसांत चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आले. दीड महिन्यात पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहत पडणे परतले. घरच्यांना मात्र गोळ्या चालू आहेत असेच वाटत होते.

या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या किमान ६ महिने घ्याव्या लागतात. प्राणायामाला दिलेले श्रेय बऱ्याच अंशी गोळ्यांचे असू शकते. बंद करायच्याच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत.

शिथिलीकरणाची शिकायला सर्वांत सोपी पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची; तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली निघाले. पाठीवर पडून एका हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळायची, नखे तळव्यात टोचेपर्यंत नव्हे, पण ताण जाणवेल इतकी. मग एकदम सोडायची आणि बोटांत उतरणारा जडपणा वीसेक सेकंद नुसता अनुभवायचा. पुढे दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. जबडा दिवसभर किती आवळलेला होता, हे तो सुटल्यावरच कळते. दुखऱ्या भागाला ताण देऊ नये.

डोळे मिटून बसण्याचे ध्यान मात्र नैराश्य तीव्र असताना सगळ्यांना मानवत नाही. शांततेत तेच ते विचार घोळू लागतात, अपराधीपणा वाढतो. तेव्हा ध्यान थांबवावे. मन लागत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नये. त्यापेक्षा सकाळच्या उन्हात दहा मिनिटे चालणे बरे, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने. चपला पायात सरकवणेही जड जाते त्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन आले, तरी ते चालणेच धरावे.

जगणे नकोसे वाटू लागले तर कोणत्याही तंत्रावर विसंबू नये. घरातल्या माणसाला त्याच क्षणी सांगावे, डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.