गाठीचं नाव ठरवणारं करिअर
“पॅथॉलॉजी घेतलं तर पेशंट कुठे दिसणार?” नीट-पीजीचा निकाल लागला की अनेक घरांत हा प्रश्न निघतो. त्यामागे समज असतो तो रक्त-लघवी तपासणाऱ्या नाक्यावरच्या लॅबचा. पण गाठ साधी की कॅन्सरची, कोणत्या प्रकारची, किती खोल गेलेली, हे पॅथॉलॉजिस्टच सांगतात. त्यांचा रिपोर्ट आल्यावरच बहुतेक कॅन्सरच्या उपचारांची दिशा ठरते.

मेलॅनोमाचं उदाहरण घ्या. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. आपल्याकडे तो कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली, आणि साधा डाग किंवा जुनी जखम म्हणून अंगावर काढला जातो. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमधून लॅबमध्ये येतो. नेमका भाग निवडून तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. तंत्रज्ञ मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतो, कोमट पाण्यावर तरंगवतो आणि सुरकुती न पडू देता काचपट्टीवर उचलतो. रंग दिल्यावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो.

मग सुरू होतं मोजमाप. 1970 मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने दाखवलं, की मेलॅनोमा त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. आजही 1, 2 आणि 4 मिलिमीटर या सीमांवर त्याचे टप्पे पाडतात. 2002 मध्ये संशोधकांना अनेक मेलॅनोमांत बीआरएएफ जनुकातला बदल सापडला आणि 2011 मध्ये अमेरिकेत त्यावर नेम धरणाऱ्या व्हेम्युराफेनिब या औषधाला मंजुरी मिळाली. मेणाच्या ठोकळ्यातल्या त्याच ऊतीतून आता हा बदलही तपासता येतो. रोजचं निदान आणि संशोधन इथे एकाच टेबलावर चालतं, आणि मला या क्षेत्राचं सगळ्यात मोठं आकर्षण तेच वाटतं.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. मुंबईत 1941 मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर त्यांनी काम केलं.

या क्षेत्रात यायचं कसं? साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षांचं एमडी आणि हवं तर पुढे ऑन्कोपॅथॉलॉजीतलं डीएम, हा एक रस्ता. वेळ लागतो, पण रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार याच रस्त्याने मिळतो. नीटमध्ये जमलं नाही म्हणून मुलाला तिसऱ्या-चौथ्यांदा परीक्षेला बसवू नका. जीवशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी करून आणि नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा देऊन संशोधनाकडे, म्हणजे पीएचडीकडे वळता येतं. टाटा मेमोरियलचंच खारघरमधलं कॅन्सर संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. हाताने नेटकं काम करणाऱ्यांसाठी डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी हे लॅब तंत्रज्ञाचे अभ्यासक्रम आहेतच. चांगला काप निघाला नाही, तर अनुभवी डॉक्टरचंही निदान अडतं.

पीएचडीची पाच-सहा वर्षं फेलोशिपवर काढावी लागतात आणि त्याच काळात बरोबरीची मुलं पगारावर गाडी घेतात. घरच्यांनी याची तयारी आधीच ठेवावी. संगणक ही नोकरी खाईल का, असंही पालक विचारतात. काचपट्ट्या आता स्कॅन होतात आणि पेशी मोजायला संगणक मदत करतो, पण रिपोर्टची जबाबदारी अजून माणसाचीच आहे. मात्र संगणकासोबत काम करावं लागणार, म्हणून अकरावीला जीवशास्त्र घेताना झेपत असेल तर गणितही ठेवा. जनुकांची माहिती आणि स्कॅन केलेल्या काचपट्ट्या हाताळताना ते उपयोगी पडतं.

प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात परवानगी मागून मुलीला किंवा मुलाला तासभर मायक्रोस्कोपपाशी बसू द्या. मूल बाहेर येऊन प्रश्न विचारू लागलं, तर पुढची चौकशी करा.