दोन फळ्यांची खाणावळ

अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून एक मुलूख आहे. तिथल्या डोंगरात १८४८ साली सोने सापडले. बातमी पसरली. देशोदेशींचे लोक धावले. डोंगरात तंबूंच्या वस्त्या उठल्या.

तिथे गडी पुष्कळ, बाया मोजक्याच. गडी दिवसभर गार पाण्यात उभे राहून वाळू धूत. सोने मिळे, पण घरचे जेवण मिळेना!

लुझीना विल्सन ही शेतकऱ्याची बायको. १८४९ साली नवरा नि दोन मुलांसह ती बैलगाडीने कॅलिफोर्नियात आली. पुढे महापुरात त्यांचे फार नुकसान झाले. मग ती नेवाडा सिटी या वस्तीत आली. गाडीभाडेसुद्धा उधारच होते.

नवरा कामाला गेला होता. लुझीनाबाईने दोन फळ्या विकत घेतल्या. स्वतः मेढी तोडून जमिनीत रोवल्या. वर फळ्या टाकल्या. झाले मेज तयार! दुकानातून शिधा आणला नि रांधले.

रात्री नवरा परतला. पाहतो तो काय? मशालींच्या उजेडात वीस गडी जेवत आहेत! उठताना प्रत्येकाने बाईच्या हातावर एकेक डॉलर ठेवला. काही आठवड्यांत उधारी फिटली. मग बाईने नवऱ्याला धंद्यात भागीदार केले.

१८५१ साली वस्तीला आग लागली. खाणावळ जळाली. पुढे दुसऱ्या गावी बाईने पुन्हा चूल मांडली. तिथेही धंदा चालला.

खाणावळ जळाली, पण हातचे कसब जळाले नाही.

आपल्या घरीही बाई रोज रांधते. त्याचे मोल कोणी केले आहे का? विचार करा.